तोंडात टाचण्या

मामाच्या दुकानात एका दुपारी एक जोडपं आलं. त्यांना काही शिवायचं नव्हतं. पाठीवर बॅगा, हातात नगरपालिकेनं छापलेला गावाचा नकाशा, आणि दारात उभं राहून दोघं नुसती मामाकडे बघत राहिली. मामा गणवेशाच्या शर्टाला बाही लावत होता. त्यानं मान वर केली, एक डोळा बारीक केला, खडूसाठी खिसा चाचपला (खडू कानामागे होता) आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून विचारलं, "काय शिवायचंय?"

बाई खुदकन हसली. नवऱ्याचा दंड धरून म्हणाली, "बघ! अगदी हुबेहूब!" आणि मग मामाला, "काका, पुन्हा एकदा करून दाखवा ना."

"काय करून दाखवू? बाही?"

"नाही हो! ते... 'असं म्हणता? मग तसंच असेल.' ते."

"पण मी ते अजून म्हटलंच नाही," मामा म्हणाला.

यावर ती दोघं इतकी हसली की बाईला कापायच्या टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी मामाचे फोटो काढले, "तुम्ही त्यांची नक्कल फार छान करता" असं सांगितलं आणि गेली.

हे मला मामानंच सांगितलं. सांगून झाल्यावर अगदी मनापासून विचारलं, "यात हसण्यासारखं काय होतं गं?" विचारतानाही त्याचा एक डोळा बारीक झाला होता आणि मी ओठ चावून हसू दाबत होते.

मामा शिंपी. आजोबाही शिंपी. दुकान गल्लीच्या तोंडाशी, बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. पुढे टेबल, दोन मशीनं, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. मागे एक खोली, तिथे पूर्वी आजी काज-बटणं करत बसायची. तेराव्या वर्षी मामा मशीनवर बसला तो अजून उठलेला नाही. मधे फक्त नऊ दिवसांचा खंड. तरुणपणी त्याला मोठ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. गाव निरोप द्यायला आलं होतं म्हणे. दहाव्या दिवशी मामा ट्रंक घेऊन परत. आजोबांनी कारण विचारलं तर म्हणाला, "तिथे मी दिवसभर नुसत्या कॉलरी कापतो. माणूस दिसतच नाही." भिंतीवरची टेप काढून आजोबांनी त्याच्या गळ्यात टाकली.

माणूस दिसल्याशिवाय मामाचा हात चालत नाही, हे खरंच. गिऱ्हाईक आलं की तो आधी टेप लावत नाही. एक डोळा बारीक करून वरपासून खालपर्यंत बघतो, आणि समोरच्याला वाटतं, आता हा आपल्यालाच कापणार. मग टाचण्यांची रांग ओठांत धरून तो कपडा अंगावर बेततो. तोंडात टाचण्या असल्या की उरलेल्या कोपऱ्यातूनच बोलावं लागतं. वर्षानुवर्षं तसं बोलून आता टाचण्या नसल्या तरी तो कोपऱ्यातूनच बोलतो, जेवतानासुद्धा. आणि गिऱ्हाईक हटून बसलं, की कमरेत घट्ट होतंय, मागच्या वेळी असं नव्हतं, तर मामा वाद घालत नाही. "असं म्हणता? मग तसंच असेल," म्हणतो आणि अर्धा इंच उसवून देतो. घट्ट होण्याचं कारण गिऱ्हाईकाच्या पोटात असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

आता बटण. बटण म्हणजे तो नामांकित विनोदी नट. पडद्यावरचं त्याचं नाव मोठं आणि भारदस्त आहे, पण गावात तो बटणच. त्याची आई इस्पितळात परिचारिका होती, संध्याकाळी सातला सुटायची. मामा आणि तो एका वर्गात, म्हणून शाळा सुटल्यापासून सातपर्यंत तो आमच्या दुकानात, टेबलाखाली. आजी त्याच्यापुढे बटणांचा डबा ठेवायची आणि हा रंगांप्रमाणे बटणं निवडत बसायचा, त्यावरून हे नाव. अकरा वर्षांचा असताना आईची बदली झाली आणि मायलेक गाव सोडून गेले. त्यानंतर पंचवीस वर्षं गावाला त्याचा थांगपत्ता नव्हता. मग तो एकदम दिसला तो पडद्यावर, न्यायाधीशाच्या खुर्चीत. समोर चोर शपथा घेत असतो की मी चोरी केली नाही. न्यायाधीश एक डोळा बारीक करतो, कानामागची पेन्सिल खिशात शोधतो आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणतो, "असं म्हणता? मग तसंच असेल." चोर सुटतो, प्रेक्षक थिएटर डोक्यावर घेतात. त्या एका वाक्यावर त्याचं नशीब फळफळलं. पुढे तो डॉक्टर झाला, फौजदार झाला, भूतही झाला, पण बोलला तो असाच.

चार वर्षांपूर्वी नगरपालिकेला जाग आली. नकाशा छापला, पाटी तयार केली, "यांचे बालपण या घरात गेले", आणि नेऊन लावली दातांच्या डॉक्टरच्या घराला. मधल्या काळात गल्लीतले घरांचे नंबर बदलले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बटणचं खरं घर दोन दारं सोडून, तिथे आता टायर ठेवतात. डॉक्टरनं दोन अर्ज केले, मग कंटाळून पाटीखाली आपली वेळ लिहिली. लोक पाटीपाशी फोटो काढतात, आणि मग नकाशात तीन नंबरला "बालपणीचे दुकान" आहे तिथे येतात. म्हणजे मामाकडे.

मी आणि माझा नवरा मागच्या वर्षी गेलो तेही खरं म्हणजे याचसाठी. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि बटणचे सगळे सिनेमे त्याला तोंडपाठ आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामाची आणि त्याची भेट म्हणजे कुणाच्या तरी लग्नात, गर्दीत, दोन मिनिटं. या वेळी पहिल्यांदाच तो मामासमोर जेवायला बसला.

"आणखी वाढू का जावईबापू?" मामानं विचारलं.

"नको मामा, पोट भरलं."

"असं म्हणता? मग तसंच असेल."

नवऱ्याच्या नाकातून पाणी आलं. ठसका लागला, डोळे भरून आले, आणि ठसक्यातही तो हसतच होता. मामीनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. मामानं मात्र ताट बाजूला सरकवलं, हात धुतले आणि मला खुणेनं मागच्या खोलीत बोलावलं. जोडप्याची ती गोष्ट त्यानं मला तिथेच सांगितली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "एक खरं सांग. मी आधीपासून असाच आहे ना? तू लहानपणापासून बघतेयस."

मी आठवून बघितलं. सुट्टीत आले की मामा मला टेबलावर बसवायचा, खडूनं हातावर घड्याळ काढायचा, ते सगळं आठवलं. पण तो बोलायचा कसा? डोळ्यांसमोर आणायला गेले तर मामाच्या जागी न्यायाधीश यायचा, आणि न्यायाधीशाला बाजूला सारलं तर तिथे मामा असायचा, पण अंगात काळा झगा. मला छातीठोकपणे सांगता येईना.

"असशील," मी म्हटलं.

"असशील म्हणजे?"

तोवर नवरा पाठोपाठ आला होता. हसल्याची त्याला लाज वाटत होती आणि भरपाई म्हणून त्यानं गणित मांडलं. "हे बघा मामा. तो गेला अकराव्या वर्षी. तुम्हीही तेव्हा अकराचे. तुम्ही मशीनवर बसलात तेराव्या वर्षी. म्हणजे त्यानं हे तुमच्याकडून घेतलं, हे शक्यच नाही. मग दोनच गोष्टी उरतात. एक तर तुम्ही दोघांनी तुमच्या वडिलांकडून घेतलं. नाहीतर त्याचे सिनेमे बघून तुम्हाला सवय लागली."

"मी त्याचा सिनेमा एकदाच बघितलाय," मामा म्हणाला. "तोही अर्धा. लोक पडदा सोडून माझ्याकडे वळून बघायला लागले."

"लोक वळून बघत होते, म्हणजे तुम्ही आधीपासून तसे होतात!" मी म्हटलं.

"किंवा ओळखीचे म्हणून बघत असतील. वर्गमित्र ना," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

मामा मामीकडे गेला. "लग्न झालं तेव्हा मी असाच बोलायचो का?"

"लग्न झालं तेव्हा तुम्ही बोलायचातच कुठे?" मामी म्हणाली. "दोन वर्षं नुसते 'हूं' म्हणत होतात."

"आणि नंतर?"

"नंतर मी बोलायला लागले."

आम्ही परत आलो, पण मामाच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मामीचे फोन यायला लागले. आता तो टाचण्या तोंडात धरत नाही, मनगटाला गादी बांधून तिच्यात खोचतो. हात खडूकडे निघाला की मधेच थबकतो, मग तसाच हवेत राहतो. बोलताना तोंड पूर्ण उघडून मोठ्यानं बोलतो, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटतं मास्तर चिडलेत. एका गृहस्थांच्या शर्टाला त्यानं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. गृहस्थ भले, म्हणाले, चालायचंच. मामा त्या दिवशी दुकान बंद करून घरी येऊन बसला.

गावातले निवृत्त पोस्टमन त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, "मास्तर, बरं नाही का? घशाचं काही?" मामानं त्यांना सगळं सांगितलं.

"तू अगदी वडिलांच्या वळणावर गेलायस, असं सगळं गाव म्हणायचं," पोस्टमन म्हणाले.

मामाला हायसं वाटलं. "म्हणजे बाबा टाचण्या तोंडात धरायचे?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी पत्र टाकायचो आणि पुढे जायचो."

अशातच बातमी आली. गावात नवं सभागृह बांधून झालं होतं, त्याला बटणचं नाव दिलं होतं आणि उद्घाटनाला तो स्वतः येणार होता. नगरपालिकेचा कारकून कागद घेऊन दुकानात आला. पाहुण्यांची एकच इच्छा होती. त्या दिवशी अंगात घालायला या दुकानात शिवलेला कोट हवा. मापं द्यायला ते दोन आठवडे आधी येऊन जातील. मामी फोनवर म्हणाली, "तू ये बाई. हे एकटे राहिले तर माप घ्यायच्या ऐवजी देऊन बसतील."

तो सकाळी दहाला आला, एकटाच, गाडी चौकात सोडून. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा बुटका, केस पांढरे, डोळ्यांखाली पिशव्या. दारात थांबून आत बघत म्हणाला, "टेबल लहान केलं की काय?"

"टेबल तेच आहे," मामा म्हणाला.

यापुढचं संभाषण मामानं कसं निभावलं, ते ऐकण्यासारखं होतं. एका बाकावर बसलेल्याला 'तुम्ही' म्हणायचं कसं, आणि ज्याच्या नावाचं सभागृह उभं राहतंय त्याला 'तू' म्हणायचं कसं? आदल्या दिवसापासून मामा याच चिंतेत होता. शेवटी त्यानं दोन्ही शब्द वगळले. "बसायचं का?" "चहा चालेल का?" "हात जरा वर." "श्वास सोडायचा." "बाही मनगटापर्यंत हवी, का थोडी पुढे?" पाहुण्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. तो मात्र सरळ 'तू', 'अरे' असाच बोलत होता.

मापं झाली. मग जुन्या कापडाचा कच्चा कोट अंगावर चढवून मामा खांदे बेतू लागला, आणि कामात बुडाल्यावर विसरला. मनगटावरची गादी राहिली बाजूला. चार टाचण्या ओठांत गेल्या. एक डोळा बारीक झाला. आरशात बटण त्याच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचाही डोळा बारीक झाला. मी मागे उभी होते. आरशात दोन बारीक डोळे, दोन वाकडे ओठ, आणि क्षणभर मला उमगेना की यातला माझा मामा कुठला.

"पोटावर सैल ठेव रे," बटण म्हणाला. "वाढलेलं नाहीये, पण वाढेल."

"असं म्हणता? मग..."

मामा थांबला. टाचण्या तोंडातून खाली पडल्या. कुणीच हसलं नाही. मामा गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचायला लागला आणि जमिनीकडे बघतच म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"विचार की."

"हे बोलणं. हे नक्की कुणाचं? माझं, का बाबांचं, का... पडद्यावरचं?"

बटण कच्च्या कोटासकट खाली बसला. एक टाचणी त्यालाही सापडली. ती बोटांत फिरवत तो म्हणाला, "तुझ्या आईचं."

"आईचं?"

"मागच्या खोलीत काज करत बसायच्या ना त्या? तोंडात टाचण्या. मी समोर बटणं निवडत असायचो. तुझे बाबा इथून ओरडायचे, 'हे काज वाकडं आलंय!' काज सरळ असायचं. मी बघितलेलं असायचं. आणि त्या अगदी हळू, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायच्या, 'असं म्हणता? मग तसंच असेल.' बाबांना ऐकू जायचं नाही. मला जायचं. मला एवढं हसू यायचं, आणि मोठ्यानं हसायची सोय नव्हती."

मामानं वेचलेल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. मग म्हणाला, "मी तर तिची पाठच बघितली. पुढे बसायचो ना मी, बाबांजवळ."

बटण गेल्यावर मामानं मापं वहीत उतरवली. छाती आणि कंबर दोन्हींपुढे एकच आकडा लिहिला, मीच ते दाखवून दिलं.

त्या संध्याकाळी त्यानं माझ्या आईला फोन लावला. आई त्याची मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. मामानं फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं भोवती बसलो.

"ताई, आपली आई तोंडात टाचण्या धरायची का गं?"

"काहीतरीच काय!" आई फोनमधून कडाडली. "मी एकदा धरल्या होत्या तर गिळशील म्हणून थोबाडीत दिली होती तिनं. ती कशाला धरेल?"

"पण तो सांगत होता की..."

"कोण, बटण? तो काय, आठ-दहा वर्षांचं पोर. टाचण्या बाबा धरायचे."

"आणि 'असं म्हणता' कोण म्हणायचं?"

"आपल्या घरात कुणीच नाही. ते तू सुरू केलंस."

"मी? कधी?"

"मला काय माहीत? माझं लग्न होऊन मी गेले त्यानंतर."

"गेल्यावर तुला कसं कळलं मग?"

"तूच नाही का फोनवर म्हणायचास! मी काही सांगायला गेले की हेच ऐकवायचास मला. मला राग यायचा, म्हणून लक्षात आहे."

फोन ठेवल्यावर मामा मामीकडे बघत राहिला. घरी परत गेल्यावर मी हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यानं कागद घेतला, वडील, आई, मामा, सिनेमा अशा चार खुणा करून बाण काढले, सगळे बाण एकमेकांत अडकले, आणि त्यानं कागद चुरगळून टाकला. त्याला असं करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

कोट मात्र उत्तम झाला. राखाडी, आतून गडद निळं अस्तर, काज सगळी हातानं केलेली. ती मामानं मागच्या खोलीत बसून केली. तिथे दिवा लावून घेतला होता. मामी म्हणाली, मशीनवर झाली असती दहा मिनिटांत, हे चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसले होते, मी चहा ठेवून यायची.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. सभागृह भरून बाहेरही माणसं उभी. आम्ही चौघं दुसऱ्या रांगेत. या वेळी नवराही होता. भाषणं झाली, मग बटण बोलायला उठला, अंगात तो कोट. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "लोक मला विचारतात, तुम्ही हसवायला कुठे शिकलात? आज सांगतो. या गावातला खरा नट मी नव्हतोच. टेबलाखाली आम्ही दोघं बसायचो. माझा मित्र त्याच्या वडिलांची नक्कल करायचा. डोळा असा, ओठ असे. मी हसून हसून लोळायचो. पुढे माझ्या आईची बदली झाली. मी नक्कल घेऊन गेलो आणि तो इथे राहिला. माझं जे काही आहे ते त्याचं आहे." आणि त्यानं हात केला. "ऊठ रे."

टाळ्या सुरू झाल्या. मामा माझ्याकडे वळला. चेहरा पार गोंधळलेला. "मला तर आई म्हणाला होता," तो कुजबुजला. "आणि मी नक्कल करायचो? मला काहीसुद्धा आठवत नाही गं."

"आधी ऊठ," मामी म्हणाली. "लोक बघतायत." पंचवीस वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलली आणि तिचं तिलाही कळलं नाही.

मामा उठला. टाळ्या थांबल्या. सभागृह कान टवकारून बसलं, कारण आता तो काय म्हणणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीतरी मागून "होऊ द्या मास्तर!" म्हणालंसुद्धा. मामानं मंचाकडे बघितलं. एक डोळा बारीक केला. मग चांगलं तोंड उघडून, खणखणीत आवाजात म्हणाला, "डावा खांदा ओढतोय तुझा. काढून दे, नीट करतो."

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. लोक खुर्च्यांवर आडवे झाले. माझा नवरा रुमालात तोंड खुपसून बसला. बटणही हसत होता. पण मामा विनोद करत नव्हता. दुसऱ्या रांगेतून त्याला खरंच डाव्या खांद्याशी सुरकुती दिसत होती आणि दुसरं काही दिसत नव्हतं. बटणनं ते ओळखलं असावं. त्यानं कोट काढला, मंचाच्या कडेशी येऊन वाकला आणि मामाच्या हातात दिला.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीत दोघं क्षणभर समोरासमोर आले. मामानं त्याची बाही धरली. "तू तर आई म्हणाला होतास."

"म्हणालो होतो का?" बटण म्हणाला. त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता. "हो, त्याही तसं बोलायच्या... का मी तुझ्या नकलेवरून त्यांना... अरे, खरं सांगू? इतक्या ठिकाणी इतक्या तऱ्हेनं सांगितलंय मी, की आता माझं मलाच..." एवढ्यात कारकून आला, नगराध्यक्ष आले, आणि त्याला शर्टावरच गाडीत बसवलं. काच खाली करून तो काहीतरी ओरडला. नवऱ्याला ऐकू आलं "सांभाळ", मला ऐकू आलं "सांग".

घरी चालत निघालो. मामाच्या हातावर कोट. नवरा आणि मी मागे. मग मामा म्हणाला, "म्हणजे माझं स्वतःचं असं काही आहे की नाही, कोण सांगणार?"

"सुईत दोरा ओवताना तुमचा डावा पाय उचलला जातो," मामी म्हणाली.

मामा थांबला. "काय?"

"टाच वर, अंगठा खाली टेकलेला. आणि श्वास धरता. दोरा गेला की पाय खाली. लग्नाच्या आठवड्यात बघितलं मी ते. सासरे तसं करत नव्हते, सासूबाई तर मांडी घालूनच बसायच्या. आणि तो तुमचा बटण, त्याला एवढ्या सिनेमांत मी कधी सुईत दोरा ओवताना बघितलं नाही."

"मी पाय उचलतो?"

"रोज."

मामानं चपलेतल्या डाव्या पायाकडे एकदा बघितलं, दोन पावलं टाकली आणि पुन्हा बघितलं.

कोटाचा खांदा त्यानं दुसऱ्या दिवशी उसवला. शिवायला मात्र पाच दिवस लागले. कारण सुई हातात घेतली की त्याचं लक्ष पायाकडे जायचं, पाय उचलावा की उचलू नये हे ठरेना, आणि दोरा काही भोकात जाईना. शेवटी मामीनं दहा सुया ओवून टेबलावर ओळीनं ठेवून दिल्या. कोट कारकुनाबरोबर रवाना झाला. पुढच्या महिन्यात शाळांचे गणवेश आले, एकशे ऐंशी जोड, आणि मामाला कशाचाच विचार करायला उसंत राहिली नाही. टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या. कुणी येऊन "करून दाखवा" म्हणालं तर तो हातातला शर्ट दाखवतो.

फक्त एकदा त्याचा मला फोन आला, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. "ते पायाचं," म्हणाला, "तुला माहीत होतं का गं आधीपासून?"

मी म्हटलं, "हो मामा, लहानपणापासून."

खरं तर मी ते कधीच बघितलं नव्हतं.